८४ एमएमचा आवाज आणि पेटीतली चिठ्ठी

माझ्या उजव्या कानात गेली वीस वर्षं शीळ वाजते. लांब कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी लागून राहावी तशी, न थांबणारी. त्या कानाचं अपंगत्व पेन्शन लागायला मला निवृत्तीनंतर पावणेपाच वर्षं लागली. तेव्हापासून आमच्या भागातले माजी सैनिक फोन करतात. कागद कुठून काढले, कुठे पाठवले, वकील किती घेतो, असं सगळं विचारतात. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये मी इन्फन्ट्रीत भरती झालो. भरतीच्या मेडिकलला डॉक्टरनं खोलीच्या एका टोकाला पाठमोरं उभं करून कुजबुजत आकडे म्हटले आणि मी सगळे बरोबर सांगितले. फॉर्मवर दोन्ही कानांपुढे ६१० सेंटीमीटर, म्हणजे तेवढ्या लांबून कुजबुज ऐकू येते, असं लिहिलं गेलं. त्या एका आकड्याचं मोल मला अठ्ठावीस वर्षांनी कळणार होतं.

जानेवारी १९९८ मध्ये पलटणीत ८४ एमएम रॉकेट लाँचरचं कॅडर, म्हणजे शिकवणीचा वर्ग, लागला आणि त्यात माझं नाव आलं. फौजेत सगळे त्याला आरएल म्हणतात. खरं नाव कार्ल गुस्ताफ. मूळ स्वीडनचं, १९४० च्या दशकातलं. आपल्याकडे १९७६ पासून आहे आणि परवान्यावर आपल्याच कारखान्यांत बनत आलं आहे. रणगाडा फोडायला म्हणून जन्मलं, पण बंकर आणि संगर, म्हणजे दगडी आडोसे, उडवायलाही ते तितकंच उपयोगी. आमच्या हातात जुनं मार्क टू होतं, रिकामंच चौदा किलोच्या वर. एक राऊंड, म्हणजे गोळा आणि काडतूस मिळून, तीन किलोच्या आसपास. पुढे मार्क थ्री आलं, ते दहा किलोच्या घरातलं, तेव्हा खांद्याला किती बरं वाटलं ते ज्यांनी मार्क टू घेऊन चढण चढली आहे त्यांनाच समजेल.

पहिल्या दिवशी उस्तादांनी ब्रीच, म्हणजे मागचं झाकण, उघडून ट्यूब आमच्या डोळ्यांसमोर आडवी धरली. आरपार पलीकडचं बाभळीचं झाड दिसत होतं. आतून चोवीस खाचा पिळासारख्या गेलेल्या. ‘दोन्हीकडून उघडी आहे, हे डोक्यात ठेवा,’ उस्ताद म्हणाले. रायफलची गोळी पुढे जाते तशी रायफल मागे येते आणि खांद्याला धक्का बसतो. इथे राऊंड सुटताना काडतुसाचा मागचा भाग दाबानं फुटतो आणि बराचसा गॅस मागच्या तोंडातून, वेंच्युरीतून, बाहेर पडतो. गोळा पुढे, गॅस मागे, दोघं एकमेकांना तोलतात, म्हणून एवढं मोठं हत्यार माणसाच्या खांद्यावरून चालतं आणि धक्का जवळजवळ लागत नाही. पण तो जोर कुठे नाहीसा होत नाही. मागे आग, धूळ, दगड उडतात. मागे माणूस उभा असेल तर तो जगत नाही, आणि मागे भिंत असेल तर तोच झोत उलटा आपल्यावर येतो. शिवाय आवाज. तो सुटतो चालवणाऱ्याच्या डोक्यापासून हात-दीड हातावर. मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं की एका फायरला कानापाशी १८० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढे एकाच ठोक्यात कान कायमचा दुखावू शकतो.

आरएलवर दोन माणसं लागतात. नंबर वन नेम धरतो आणि फायर करतो. नंबर टू राऊंड भरतो, ब्रीच बंद करतो, मागे वळून बघतो, ‘पीछे साफ’ ओरडतो आणि नंबर वनच्या खांद्यावर थाप मारतो. महिनाभर आम्ही ड्रिल राऊंडवर हीच चाल केली. खरा राऊंड महाग, त्यामुळे वर्षाकाठी फार थोड्यांच्या वाट्याला येतो. माझा पहिला खरा राऊंड फेब्रुवारीत झाला. आवाज कानाला आधी ऐकू आला नाही, छातीला आला. बरगड्यांवर कुणीतरी सपाट फळी मारल्यासारखा. मग धूळ, आणि धुळीपलीकडे टार्गेटपाशी दुसरी धूळ. मला तेव्हा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. ते हत्यार मी मनापासून शिकलो. २००२ मध्ये इन्फन्ट्री स्कूलचा प्लाटून वेपन कोर्स केला, आणि त्यानंतर दर फील्ड फायरिंगला आरएल माझ्याकडे आणि माझ्या नंबर टूकडे असायचं.

नोव्हेंबर २००४. फील्ड फायरिंगचा तिसरा दिवस. आडव्या चढावर रांगत जाऊन पोझिशन घ्यायची होती. रांगताना उजव्या कानातला प्लग पडला. मला कळलं तेव्हा राऊंड भरलेला होता, खांद्यावर थाप पडलेली होती आणि मागून वेळ बघितली जात होती. मी फायर केलं. त्यानंतर आणखी दोन. तिसऱ्यानंतर नंबर टूचं तोंड हलताना दिसत होतं, पण मी जणू विहिरीत बुडी मारून खालून त्याच्याकडे बघत होतो. त्यालाही धडपणे ऐकू येत नव्हतं. आम्ही दोघं खुणांनी बोलत उतरलो. रात्रीपर्यंत माझा डावा कान उघडला. उजव्यात शीळ सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून नोंद करून डॉक्टरकडे, गेलो. नंबर टू गेला नाही. ‘दोन दिवसांत जाईल’ म्हणाला, आणि एरवी मीही तेच केलं असतं. फायरिंगमधून सिक रिपोर्टला जाणं कुणालाच आवडत नाही. मी गेलो कारण आदल्या रात्री पहाऱ्यावरच्या संत्रीची हाक मला ऐकू आली नव्हती आणि त्याची मला भीती वाटली. पलटणीच्या डॉक्टरांनी, आरएमओ साहेबांनी, कानात बघून मिलिटरी हॉस्पिटलच्या ईएनटीकडे पाठवलं. तिथे ओपीडीच्या चिठ्ठीवर दीड ओळ लिहिली गेली: ८४ एमएम आरएल फायरिंगनंतर उजव्या कानाला आवाजाची इजा, कानात शीळ. खाली गोळ्या आणि सात दिवस फायरिंगपासून लांब राहण्याचा सल्ला. इजा झाली की भरायचा आयएएफवाय-२००६ नावाचा फॉर्म असतो. तो कुणी भरला नाही. रक्त आलं नव्हतं, हाड मोडलं नव्हतं, आणि कान ही इजेची जागा आहे असं त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही. सुट्टीवर घरी आलो तेव्हा ती चिठ्ठी बॅगेतल्या इतर कागदांबरोबर आली आणि घरातल्या काळ्या पेटीत गेली.

पुढची बारा वर्षं नोकरी चालली. बायको म्हणायची, टीव्ही मोठा लावता. मुलगी लहान होती, ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बोलायला आपोआप शिकली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

२०१६ च्या वार्षिक मेडिकलला ऑडिओमेट्री झाली. हेडफोन लावून बंद खोलीत बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. ग्राफ मी बघितला. ४००० हर्ट्झपाशी रेघ दरीत उतरल्यासारखी खाली गेली होती. आवाजानं कान गेला की ही दरी पडते, असं तिथल्या टेक्निशियननं सांगितलं. दोन्ही कानांना होती, उजव्याला खोल. शेप नावाच्या फौजी मेडिकल वर्गवारीत माझ्या कानांचा दर्जा एच-वनवरून एच-टू झाला आणि मी लो मेडिकल कॅटेगरीत गेलो. जे अजून नोकरीत आहेत त्यांना सांगतो, त्या दिवशी हातात आलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढा आणि घरी पाठवा. युनिट बदलतं, क्लार्क बदलतो, फायली बदलतात.

मे २०१९ मध्ये निवृत्तीआधीचं रिलीज मेडिकल बोर्ड झालं. ह्याचा फॉर्म एएफएमएसएफ-१६. त्यात एक भाग आपला जबाब असतो, एक कमांडिंग ऑफिसरचा, आणि शेवटी बोर्डाचं मत. जबाबात प्रश्न होता, सेवेत काही इजा झाली होती का. मी ‘नाही’ लिहिलं. माझ्या डोक्यात इजा म्हणजे गोळी, स्प्लिंटर, अपघात. त्या एका शब्दानं माझी चार वर्षं गेली. तो फॉर्म घाईत भरू नका. आदल्या रात्री बसून भरतीपासूनची प्रत्येक सिक रिपोर्ट आठवा, तारीख नक्की माहीत नसेल तर महिना आणि वर्ष लिहा, आणि हत्याराचं नाव लिहाच.

बोर्डानं दोन्ही कान मिळून २० टक्के अपंगत्व कायमस्वरूपी धरलं, पण सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही, असा शेरा मारला. अपंगत्व पेन्शनला दोन्ही गोष्टी लागतात: किमान २० टक्के, आणि सेवेशी संबंध. मी ३१ ऑगस्ट २०१९ ला हवालदार म्हणून चोवीस वर्षांनी घरी आलो. डिसेंबरमध्ये रजिस्टर पोस्टानं पत्र आलं, क्लेम नामंजूर. ते पत्र वाचून मला राग नाही आला, शरम वाटली. आपण खोटं मागितलं असं कुणी तरी लिहून पाठवल्यासारखं झालं. महिनाभर मी ते कुणाला दाखवलं नाही.

नामंजुरीच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करता येतं. जानेवारीत मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या ज्येष्ठ लिपिकानं, तो स्वतः माजी सैनिक, अर्ज समोर बसून टाईप करून दिला आणि एक पैसा घेतला नाही. १२ मार्च २०२० ला अपील पोस्टात टाकलं. पुढच्या पंधरवड्यात देश बंद झाला. पोचपावती यायला जुलै उजाडला. उत्तर फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं: इजेची कुठलीही नोंद उपलब्ध नाही, अपील फेटाळलं.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, साधा कागद. चार गोष्टी मागितल्या: भरतीच्या मेडिकलचा फॉर्म, सगळे मेडिकल बोर्डाचे कागद, प्लाटून वेपन कोर्सचा पार्ट टू ऑर्डर (कोर्स केल्याची फौजी नोंद), आणि नोव्हेंबर २००४ चं सिक रिपोर्टचं रजिस्टर. पहिले तीन दीड महिन्यात हातात आले. रजिस्टर मुदत संपल्यामुळे नियमानुसार नष्ट केलं, असं उत्तर मिळालं. ते वाचून मी हातपाय गाळून बसलो होतो.

चिठ्ठी बायकोनं काढली. एप्रिल २०२१, पुन्हा सगळं बंद, ती उन्हात घालायला काळी पेटी उपसत होती. माझी तिला आलेली पत्रं एका जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली होती आणि त्यांच्यात ही चिठ्ठी घडी करून होती. घडीवरचा कागद फाटायला आला होता, एका कोपऱ्यात गंजलेल्या टाचणीचा डाग. पण शाई शाबूत होती. तारीख, माझा नंबर, रँक, ‘८४ एमएम आरएल’, डॉक्टरांची सही, हॉस्पिटलचा शिक्का. तिनं ती वाचली नव्हती, फेकलीही नव्हती. मी तिच्यासमोर रडलो.

चिठ्ठी लॅमिनेट करू नका, ही चूक मी करणार होतो. मूळ कागद प्लास्टिकच्या साध्या पिशवीत ठेवा, रंगीत झेरॉक्स काढा आणि जोडायच्या त्या प्रती साक्षांकित करून घ्या. मूळ कुठेच पाठवू नका, फक्त सुनावणीला हातात घेऊन जा.

जून २०२१ मध्ये चिठ्ठी जोडून दुसरं अपील केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तेही फेटाळलं गेलं, कारण आयएएफवाय-२००६ नाही. ह्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. २००७ च्या कायद्यानं झालेलं हे न्यायाधिकरण आहे आणि महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. शेवटच्या नकारापासून सहा महिन्यांत जायचं. उशीर झाला तरी दार बंद होत नाही, पण माझ्या वेळी तेव्हा थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळायची. स्वतः बाजू मांडता येते. मला ऐकूच कमी येतं, म्हणून मी वकील केला. फी ३५,००० ठरली, दोन हप्त्यांत. एसटी, मुंबईत नातेवाइकाकडे मुक्काम, झेरॉक्स, नोटरी धरून एकूण खर्च पन्नास हजारांच्या आत राहिला. फी पूर्ण ठरवून, पावती घेऊन द्या. मिळणाऱ्या थकबाकीत टक्केवारी मागणाऱ्याकडे जाऊ नका.

जानेवारी २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला. वकील पहिल्याच भेटीत म्हणाले, ‘चिठ्ठी चांगली आहे, पण त्याआधी हा भरतीचा फॉर्म.’ सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग यांच्या खटल्यातला २०१३ चा निकाल त्यांनी समजावून सांगितला. भरतीच्या वेळी दोष लिहिलेला नसेल, तर पुढे झालेलं अपंगत्व सेवेमुळे झालं असंच आधी धरायचं. तसं नाही हे कारणं देऊन दाखवायची जबाबदारी समोरच्यावर. माझ्या फॉर्मवर दोन्ही कान ६१० सेंटीमीटर. म्हणजे कान घेऊन गेलो होतो, हे कागदावर होतं. दुसरा निकाल राम अवतार यांचा, १० डिसेंबर २०१४ चा. त्यामुळे पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांचंही २० टक्के अपंगत्व ५० धरलं जाऊ लागलं. फरक केवढा ते सांगतो. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. माझं बेसिक आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून ४४,४०० होतं. २० टक्क्यांनी महिना २,६६४ झाले असते, ५० टक्क्यांनी ६,६६० झाले, वर महागाई. अर्जात ही मागणी वेगळी लिहावी लागते. माझ्या ओळखीतल्या एकानं लिहिली नव्हती.

पाच तारखा झाल्या. सुनावणीला एक न्यायिक सदस्य आणि एक निवृत्त लष्करी अधिकारी असे दोघं बसतात. चौथ्या तारखेला लष्करी सदस्यांनी मूळ चिठ्ठी मागितली. पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती बराच वेळ वाचली आणि माझ्याकडे बघून मोठ्यानं, सावकाश विचारलं, ‘नंबर वन होता का?’ मी ‘जी साब’ म्हणालो. दुसरं काही विचारलं नाही. त्यांना ते हत्यार माहीत होतं, आणि त्या माणसाला आपल्याला काही समजावून सांगावं लागणार नाही, एवढंच त्या क्षणी मला कळलं. साडेचार वर्षांत पहिल्यांदा अंगातला ताण उतरला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश झाला: अपंगत्व सेवेमुळे, ५० टक्के, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून, चार महिन्यांत अंमलबजावणी. आदेशाची प्रत मिळाल्या दिवशीच ती स्पीड पोस्टानं रेकॉर्ड ऑफिसला पाठवा आणि पोचपावती जपा, मुदत मोजायला ती लागते. सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, जूनच्या पहिल्या आठवड्यात फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर दिसला. थकबाकी पाच लाखांच्या जवळ आली. पोर्टलवर बँक खातं आणि आधारवरचं नाव एका अक्षरानं वेगळं असलं तरी पैसे अडकतात, ते आधीच तपासून घ्या. मी ते जिल्हा कार्यालयात बसून दुरुस्त करून घेतलं होतं.

ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून श्रवणयंत्र मिळालं आहे. त्यानं बोलणं स्पष्ट येतं, शीळ जात नाही.

जुलैमध्ये मी माझ्या नंबर टूच्या घरी गेलो. तो माझ्याआधी नाईक म्हणून घरी आला, शेती करतो. अंगणात दोघं बसलो तर दोघंही मोठ्यानं बोलत होतो, त्याची सून हसत आत गेली. त्याच्याकडे चिठ्ठी नाही. तो सिक रिपोर्टला गेलाच नव्हता. बोर्डात त्याच्या कानाची टक्केवारी लिहिली आहे की नाही, हेही त्याला माहीत नव्हतं. राऊंड भरून तो माझ्या मागेच, वेंच्युरीच्या बाजूला बसलेला असायचा, प्रत्येक वेळी. पण भरतीचा फॉर्म त्याचाही असणार, आणि त्या दिवशी तो तिथे होता हे मी प्रतिज्ञापत्रावर लिहून देऊ शकतो. वकिलांना विचारलं, ते म्हणाले आधी कागद काढा.

परवा पोस्टातून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणली. अर्ज त्याच्या नावाचा, अक्षर माझं.